खालची चादर

“वहिनी, मला एवढंच सांगा, मी त्या गोलाच्या आत आहे की बाहेर?” पोस्टमननी तिसऱ्यांदा विचारलं.

“बाहेर. दारापाशी. आणि तुमचं बिस्किट चहात पडतंय.”

पडलंच. पोस्टमन आमचे शेजारी. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटून निवृत्त झाले, पण चमचा समोर असताना बोटाने चहा ढवळायची सवय काही सुटली नाही. त्यांनी बोटानेच बिस्किट शोधायला घेतलं आणि मी पुढे सांगू लागले.

“खोलीला एकच दार आहे. जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढलंय. त्यात मांत्रिक आणि ढालकरी, दोघंच उभे आहेत. हे सत्यवर्तुळ आहे. आत उभं राहून खोटं बोलता येत नाही. आणि वर्तुळ आहे तोवर दाराचं कुलूप कुठल्याच किल्लीला दाद देणार नाही. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला, आजवर कधीच न सांगितलेली एक खरी गोष्ट सांगितली, की दार आपोआप उघडेल.”

पोस्टमनचं बोट चहातच थांबलं. मांत्रिक म्हणजे माझे यजमान आणि ढालकरी म्हणजे आमचा मुलगा. आठ वर्षांत हे दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

खेळाबाहेर, असं म्हणायला हवं. खेळात भरपूर बोलतात. खेळ तसा सोपा आहे. टेबलावर एक पट, त्यावर सोंगट्या, आणि वीस बाजूंचा एक फासा. प्रत्येकाचं एक पात्र असतं. मी गोष्ट सांगते, मग आपलं पात्र काय करतं ते ज्याने त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पोस्टमन चोर आहेत, कारण आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं न उघडता पोचवली, आता जरा उघडू द्या म्हणाले. मुलाचा ढालकरी सगळ्यांच्या पुढे उभा राहून मार खातो. एकदा तर ह्यांच्या जखमी मांत्रिकाला खांद्यावर घेऊन त्याने दोन डोंगर पार केले. त्याच संध्याकाळी जेवताना दोघांनाही मीठ हवं होतं आणि दोघंही माझ्याकडे बघत बसले. मिठाची बाटली दोघांच्या मध्ये होती.

मुलाला आम्ही ठेंगू म्हणतो. लहानपणी वर्गात सगळ्यात बुटका होता. आता दारातून वाकून येतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. उद्या सकाळी तो जाणार होता. खूप लांब, दोन विमानं बदलून, एका गोदीत जहाजं जोडायच्या कामावर. करार तीन वर्षांचा. म्हणजे हा शेवटचा रविवार, आणि ही खोली मी तीन आठवडे मनात बांधत होते.

मी रुग्णालयात शिलाई करते. चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे जिथे ठेवतात त्या खोलीत माझं मशीन आहे. माणूस चादरीच्या मधोमध झोपतो म्हणून चादर मधोमध झिजते. मग ती तिथेच उभी फाडायची, धडधाकट असलेले दोन्ही काठ मध्ये आणून एकमेकांना जोडायचे, आणि झिजलेला भाग बाहेरच्या बाजूला दुमडून टाकायचा. मधली शिवण पाठीला टोचते खरी, पण चादर आणखी दोन वर्षं जाते. चोवीस वर्षं मी हेच करते आहे, कामावर आणि घरीही. घरात मात्र ते काठ काही केल्या जुळत नाहीत.

आठ वर्षांपूर्वी माझे सासरे गेले. त्या दुपारी मी कामावर, हे कामावर, आणि एकोणीस वर्षांच्या ठेंगूने घरी थांबायचं असं ठरलं होतं. तो दोन तासांसाठी मित्राकडे गेला. हाच खेळ खेळायला. परत आला तर आजोबा स्वयंपाकघरात जमिनीवर, आणि कपाचे तुकडे पार दारापर्यंत. हे धावत आले. हे लिफ्ट दुरुस्त करतात. हाताला दोराचं ग्रीस तसंच होतं. घरात दहा-बारा माणसं जमलेली. त्या सगळ्यांसमोर हे मुलाला म्हणाले, “तू खेळायला गेला नसतास तर माझा बाप आज जिवंत असता.”

बस, एवढंच. त्यानंतर ठेंगू त्यांच्याशी बोलला नाही, आणि हे त्याच्याशी.

महिन्याभराने, सासऱ्यांना तपासलेल्या डॉक्टरबाईंनी मला रुग्णालयाच्या जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, “झटका आला त्याच क्षणी गेले ते. मी शेजारी बसलेली असते तरी काही करता आलं नसतं. मुलाला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं.” मी तशीच घरी धावले. हे जेवत होते. ह्यांना सांगितलं. “हं,” म्हणाले, आणि पाणी मागितलं. मग ठेंगूच्या खोलीत गेले. त्याचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. मग त्याने विचारलं, “बाबांना माहीत आहे?”

“हो, आत्ताच सांगितलं.”

“काय म्हणाले?”

मला खोटं सुचलं नाही. “पाणी मागितलं,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तोवर तो रागावलेल्या बापाचा मुलगा होता. आता सगळं माहीत असूनही गप्प बसणाऱ्या बापाचा झाला. ह्यांचं गप्प बसणं मला कळत नव्हतं असं नाही. ते वाक्य मागे घ्यायचं तर आधी ते बोललो हे कबूल करायला हवं, आणि ह्यांची जीभ तिथेच अडकते. कुणाला बोल लावणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ज्या खेळावरून घर फुटलं तोच मी घरात आणला. ठेंगूने नियमांचं पुस्तक कचऱ्यात टाकलं होतं. मी ते पुसून कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून चार महिने वाचलं. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर आज मशीनवर नसते. मग एका रविवारी पट मांडला आणि मुलाला म्हणाले, “मला हे मंत्रांचं कळत नाही रे. जरा समजावून दे.” तो बसला. तिसऱ्या रविवारी हे दारात उभे. बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, “बघू तरी, एवढं काय आहे त्यात.” आणि खुर्ची ओढून बसले. वाद झाले तर मध्ये कुणीतरी असावं म्हणून पोस्टमनना मी बोलावलं. बिस्किटांचं कबूल केल्यावर ते लगेच आले.

वाद झालेच, आणि सगळे मंत्रांवरून. कारण ह्या खेळात तलवारीचं काही अडत नाही, मंत्राचं अडतं. एकाच माणसावर संरक्षणाचा एकच मंत्र दोनदा टाकला तर दुप्पट ताकद येते का? नाही, जो जोरकस तेवढाच चालतो. सारख्या ताकदीची आग आणि थंडी समोरासमोर आली तर? दोन्ही विझतात. एकाग्रतेने धरून ठेवायचे दोन मंत्र एकाच माणसाला धरता येतात का? नाही, दुसरा धरायला गेलं की पहिला सुटतो. पुस्तकात नसेल तिथे मी निवाडा द्यायचा, आणि तो रुग्णालयातल्या एका जुन्या वहीत नंबर घालून लिहायचा. पुढच्या वेळी तोच लागू.

एकदा पोस्टमननी विचारलं होतं, “वहिनी, मी मशालीवर काळोखाचा मंत्र टाकला. मग मशाल मेली का?”

“मेली कशाला? झाकली गेली.”

“म्हणजे काय?”

“पलंगावर एक चादर आहे. तुम्ही वर दुसरी घातलीत. वरची काढली की खालची तिथेच असते ना? तसं. वरच्या मंत्राची मुदत संपली आणि खालच्याची शिल्लक असली, की खालचा पुन्हा चालू.”

“एवढं सोपं करून सांगितलंत तर चोराला पण कळतं,” पोस्टमन म्हणाले. मी ते वहीत उतरवलं. निवाडा एक्केचाळीस.

माझा निवाडा दोघंही मानतात. घरात दोघं मिळून मानतात अशी ती एकच गोष्ट आहे. तिसऱ्या वर्षी मी एकदा ह्यांच्या मांत्रिकाला वाचवायला फाशावर हात ठेवून आकडा वाढवून सांगितला. दोघांच्याही लक्षात आलं. दोघंही उठले, एक इकडे, एक तिकडे, आणि दोन महिने टेबल रिकामं राहिलं. तेव्हापासून फासे उघड्यावर, आणि वहीत आहे तेच खरं.

तर त्या रविवारी सत्यवर्तुळ मांडलं. दोघांनाही मी काय केलंय ते कळलं होतं. ठेंगूचे कान लाल झाले होते. हे अंगठ्याच्या भेगेतलं काळं ग्रीस नखाने कोरत होते, जे चाळीस वर्षांत निघालेलं नाही.

“मुदत किती?” ह्यांनी विचारलं. नजर माझ्याकडे.

“साठ फेऱ्या.” फेरी म्हणजे प्रत्येकाला एकदा खेळायला मिळतं तेवढा वेळ.

“माझ्याकडे न सांगितलेल्या खऱ्या गोष्टी ढीगभर आहेत,” पोस्टमन म्हणाले. “तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं एक पत्र मी...”

“तुम्ही वर्तुळाच्या बाहेर आहात.”

“हो का? बरं.”

पहिली फेरी गेली. मांत्रिकाने भिंत तपासली. ढालकऱ्याने छत तपासलं. दुसरी फेरी गेली. मी मनात कुणाकुणाला हात जोडत होते ते माझं मला माहीत. मला फार काही नको होतं. चार शब्द. “तुझी काही चूक नव्हती.” मांत्रिकाच्या तोंडून आले तरी चाललं असतं. खोट्या दाढीतून आलं तरी खरं ते खरंच.

तिसऱ्या फेरीत ठेंगूने आपली सोंगटी उचलली, वळवली, आणि मांत्रिकाच्या समोर ठेवली.

“ढालकरी म्हणतो,” तो म्हणाला, “ढालकरी मांत्रिकाला म्हणतो, की त्या दिवशी...”

“थांब,” हे म्हणाले. मला म्हणाले. आपल्या कागदांतून त्यांनी एक कार्ड काढलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी एका मनोऱ्यात मिळालेला, एकदाच वापरता येणारा मंत्र. किती संकटं आली, किती वेळा पोस्टमन म्हणाले, ‘दादा, काढा आता ते कार्ड,’ पण ह्यांनी कधी काढलं नाही.

“मांत्रिक मौनवलय वाचतो,” हे म्हणाले. “त्याच्या आधी.”

मौनवलयात आवाजच उमटत नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. दहा फेऱ्या.

कुणाचं आधी हे फाशाने ठरायचं. ठेंगूने फासा टाकला. नऊ. ह्यांनी दोन्ही हातांत फासा खुळखुळवला, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होते. सतरा.

चौघांनीही तो आकडा बघितला. फासा टेबलाच्या अगदी मधोमध पडला होता.

“आई,” ठेंगू म्हणाला. “निवाडा?”

मला रडू येत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. निवाडा फिरवला तर दोघंही उठणार आणि उद्या सकाळी तो तसाच जाणार. नाही फिरवला तर तोंडाशी आलेला शब्द मी माझ्याच हाताने बंद करणार. मी टेबलाची कड धरली.

“मौन बसलं,” मी म्हणाले.

“आणि त्या सत्याचं काय?” पोस्टमननी विचारलं.

“गेलं,” मी म्हणाले. “ते गेलं.”

कुणी हरकत घेतली नाही. एका फेरीच्या मुदतीवरून तासभर भांडणारी माणसं ही, पण दोघंही आपापल्या कागदाकडे बघत राहिले. मीच पुढे म्हणाले, “सत्यवर्तुळ नाही म्हणजे आता ते साधं कुलूप आहे.” पोस्टमन ताठ बसले. चोराला आयुष्यात असं मौन कधी मिळालं नव्हतं. त्यांनी फासा टाकला आणि वीस पडले. “उघडलं! वहिनी, उघडलं!” ते खुर्चीतून उठले. मग आमच्या तिघांची तोंडं बघून पुन्हा बसले आणि उरलेली बिस्किटं त्यांनी रुमालात बांधून घेतली. मांत्रिक आणि ढालकरी एकामागोमाग दाराबाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, दिव्याखाली अंधार, असं सगळे चिडवतात. ठेंगूची पेटी ह्यांनीच खाली नेली. मी घेतो म्हणून तो पुढे आला तर हे त्याच्या बाजूने सरकून पुढे गेले. प्रत्येक मजल्यावर पेटी टेकवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. मुलगा दोन पायऱ्या मागे, हात पुढे करून, पेटी घसरली तर धरायला. असे ते चार मजले उतरले.

खाली ह्यांनी पेटीचा पट्टा दोनदा हिसका देऊन बघितला, लिफ्टचा दोर बघतात तसा. मग मला म्हणाले, “त्याला सांग, पट्टा पक्का आहे.”

“पट्टा पक्का आहे म्हणतात,” मी म्हणाले. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

“कळलं म्हणून सांग,” ठेंगू म्हणाला.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी हे उभेच होते. मी आधी वर आले. मला तिथे उभं राहवेना.

पुढचा रविवार आला. दुपारी तीनला मी सवयीने टेबल पुसलं. पट तसाच होता. पोस्टमन येऊन दारातूनच म्हणाले, “आज काही नाही ना?” आणि उत्तराची वाट न बघता परत गेले. हे खिडकीपाशी बसून एका जुन्या पुलीत तेल घालत होते. मागच्या वेळचा निवाडा पुढच्या रविवारी वहीत उतरवायचा अशी माझी पद्धत आहे. म्हटलं, शेवटचा तेवढा लिहून वही बांधून ठेवू.

लिहिलं, ‘तीनशे बारा. सत्यवर्तुळ चालू असताना मौनवलय टाकल्यास,’ आणि पुढे काय लिहायचं ते बघायला आधीची पानं चाळली. एक्केचाळीसवर बोट थांबलं. माझंच अक्षर. ‘वरची चादर काढली की खालची तिथेच असते.’

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चोवीस वर्षं चादरींत घालवलेली बाई मी. मौन दहा फेऱ्यांचं होतं. सत्यवर्तुळ साठांचं. दोनच फेऱ्या झाल्या होत्या. ते कुठेही गेलं नव्हतं. मौन उठलं असतं आणि खाली ते तसंच असतं, कुलूप बंद असतं, आणि दोघं समोरासमोर उभे असते. फेऱ्या भरपूर उरल्या होत्या. तेवढ्यात एक शब्द निघालाच असता. दार मी उघडलं. एका शब्दात. ‘गेलं.’

“अहो,” मी म्हणाले. “सत्यवर्तुळ गेलं नव्हतं.”

पुली फिरायची थांबली.

“माझा निवाडा चुकला. एक्केचाळीस नंबर बघा.”

“माहीत आहे,” हे म्हणाले.

“कधीपासून?”

“तेव्हाच. तू म्हणालीस तेव्हाच.”

“मग बोलला का नाहीत?” माझा आवाज चढला. “एरवी तर अर्ध्या फेरीसाठी माझं डोकं खाता!”

ते फडक्याने एकेक बोट पुसत राहिले.

“मला वाटलं, तो हरकत घेईल,” ते शेवटी म्हणाले. “त्याला पाठ आहे वही. तो म्हणाला असता, आई, चुकलं, तर मी थांबलो असतो आतच.”

तेवढ्यात फोन वाजला. ठेंगूचा. पोचल्यापासूनचा दुसरा. जेवण बरं आहे, खोलीत चौघं आहेत, पलंग छोटा पडतो, पाय बाहेर येतात. मी सगळं ऐकून घेतलं. मग राहवलं नाही.

“ठेंगू, त्या दिवशी माझा निवाडा चुकला रे. सत्यवर्तुळ...”

“एक्केचाळीस,” तो म्हणाला. “हो.”

“तुलाही माहीत होतं?”

“मग काय.”

“अरे, मग बोलायचं ना!”

पलीकडून कुठेतरी लोखंडावर घण पडल्याचा आवाज येत होता. “मला वाटलं, बाबा हरकत घेतील,” तो म्हणाला. “मंत्र त्यांचा होता. त्यांना बोलायचं असतं तर ते बोलले असते.”

मी फोन तसाच ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी हात पुन्हा एकदा पुसले आणि फोन घेतला. कानाला लावला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि बंद केला. हे ऐकत होते. ओठ एकदा हलले. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं गेली. आठ वर्षांत एवढा वेळ ते दोघं खेळाबाहेर एकमेकांबरोबर राहिले नव्हते. मग ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.

“लाइन गेली,” म्हणाले.

मी कानाला लावला. घण पडत होता.

“ठेंगू?”

“हो आई.”

“बाबा काही बोलले?”

“नाही.” मग म्हणाला, “पण होते ना?”

“होते रे,” मी म्हणाले.

फोन ठेवून आले तर हे टेबलापाशी उभे होते. माझी वही उघडी होती. मी पेन घेतलं आणि तीनशे बाराच्या पुढे लिहिलं, ‘निवाडा चुकला. दार बंद आहे. सत्यवर्तुळ चालू आहे. मौन उठल्यावर फेऱ्या शिल्लक अठ्ठेचाळीस.’ त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, बोटाने हिशेब केला आणि मान हलवली.

आमच्याकडे एक नियम आहे, दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नाही. हे इतक्या वर्षांत कधी चुकले नाहीत. त्यांनी दाराबाहेर नेलेला मांत्रिक उचलून वर्तुळात ठेवला. मग जरा थांबले, आणि दोन बोटांनी ढालकऱ्याला उचललं. ढालीच्या कडेचा रंग उडाला होता, तिथे अंगठा फिरवला. त्याला मांत्रिकाच्या समोर उभं केलं, तोंड त्याच्याकडे करून, ठेंगूने त्या दिवशी ठेवलं होतं तसं.

“एक फेरी किती वेळाची असते गं?” त्यांनी विचारलं. सगळे नियम तोंडपाठ असलेला माणूस हा.

“आपण खेळलो तरच सरकते,” मी म्हणाले. “नाही खेळलो तर तिथेच थांबते.”

“मग तीन वर्षांत...”

“काही जात नाही.”

त्यांनी पट दोन्ही हातांवर घेतला. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी सपाट मिळवत ज्यांचं आयुष्य गेलं ते हात. कपाटापर्यंत पाच पावलं, मग स्टुलावर एक पाय, मग दुसरा. मी स्टूल धरलं. पट कपाटावर गेला तेव्हा एकही सोंगटी हलली नव्हती.

धूळ बसू नये म्हणून मी एक जुनी चादर आणली, मधोमध शिवण असलेली. त्यांनी ती वरून अलगद पसरली, आणि चारही कोपरे नीट आहेत ना ते खाली उतरून बघितलं.